पक्का रंगारी

भटवाडी, घाटकोपर
२४ ऑक्टोबर २०२४

हरेश्वरा,

बोटीच्या इंजिनाने तुझे कान खाल्ले, म्हणून तुझ्याशी बोलायचं तर मला कागद घेऊन बसावं लागतं. पोस्टातली पोरगी परवा विचारत होती, आजोबा, अजून कोण पत्रं लिहितं? मी म्हटलं, दोन म्हातारे रंगारी लिहितात, तू तिकीट दे.

आता ऐक. कोजागिरीला राजेशने मला आणि वनमालाला मुलुंडला त्याच्या घरी नेलं होतं. त्याचा संडास आमच्या इथल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठा आहे, पण त्या सकाळी नेमकं टाकीला पाणी नव्हतं. मी जाऊन आलो, कळ दाबली, काही आलं नाही, झाकण टाकून गुपचूप बाहेर पडलो. माझ्यामागून सूनबाई रुचिका गेली आणि नाकाला ओढणी लावून बाहेर आली. म्हणाली, बाबा, हे तुम्ही केलंत?

मग काय, सगळं घर त्या भांड्याभोवती उभं राहिलं. वनमाला कपाळाला हात लावून, रुचिका भिंतीला टेकून, आणि माझा मुलगा वाकून मोबाईलने फोटो काढतोय. माझ्या लघवीचा फोटो, हरेश्वरा. तो त्याने रुचिकाच्या चुलतभावाला, विपुलला पाठवला आणि मग सगळ्यांनी टेबलावर बसून पोहे खाल्ले. मला इतकी शिसारी आली की घास गिळवेना. त्यांनी दुखतं का म्हणून विचारलं, मी नाही म्हटलं. कधीपासून, तर आजच म्हटलं.

तुला खरं सांगतो. गणपतीपासून आहे. दोन दिवस कोकमाच्या आगळासारखी लाल येते, मग आठवडाभर स्वच्छ. दुखत काहीच नाही. मला वाटतं हा आपल्या मिलचा रंग आहे. दहा वर्षं आपण रंगखात्यात खांद्यापर्यंत हात बुडवून काढली, ते जाणार कुठे? तुला आठवतं ना, नवीन माणूस लागला की महिन्याभराने मुकादम त्याला मोरीत उभा करायचा आणि अख्खी पाळी मागे उभी राहून बघायची. धार रंगीत आली की पक्का रंगारी. मग त्याने सगळ्यांना भजी घालायची. तुझी निळी आली होती, तू नाचलास. माझी लालसर आली तेव्हा मुकादम म्हणाला, हा कोकणातला, याची कोकमाचीच येणार.

तर तोच रंग आता म्हातारपणी उतरतोय असा माझा हिशेब आहे. पण राजेशने अंधेरीला मोठ्या तपासणी केंद्रात नाव घातलंय. विपुलचंच केंद्र आहे ते. डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर एका यंत्रात बघतात म्हणे. वनमाला म्हणते जाऊन या, रक्त असेल तर? माझं मन घेत नाही. तुझंही तसं काही होतं का, ते कळव. तू सांगशील तसं करतो.

तुझा
काशीराम


खारदांडा
८ नोव्हेंबर २०२४

काश्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. शेजारच्या मितेशला वाटलं म्हातारा कामातून गेला. लेका, मुलाने फोटो काढला तर चांगला तरी आला का?

तू विचारलंस म्हणून सांगतो, आणि हे तुझ्यापाशीच ठेव. माझंही होतं. गेल्या शिमग्यापासून. येतं आणि जातं. मी शहाळं पितो, दोन दिवस कलेजी खात नाही, आपोआप साफ होतं. पोरीला, कमळला, मी काही बोललेलो नाही. ती पहाटे ससून डॉकला मासळी घ्यायला जाते, तेवढ्यात मी खडकाकडे जाऊन येतो. तिला कळलं तर ती मला टोपलीत घालून डॉक्टरकडे नेईल, तिची आई तशीच होती.

तो रंगच आहे, दुसरं काय असणार? अरे, मालकाने पगार कच्चा दिला पण रंग पक्का दिला. दोघांनाही एकाच वेळी उतरायला लागला यावरूनच ओळख. दोन माणसांना एकदम तोच रोग होतो का कधी?

यंत्रात जाऊ नको असं मी म्हणणार नाही. मुलगा हौसेने नेतोय तर जा, थंड हवेत पडून ये. पण कोणी आत नळी-बिळी घालायचं म्हणालं तर सरळ उठून घरी ये.

या वर्षी घोळ मासा चांगला लागलाय. तू आलास की खायला घालीन. येतोस कुठे म्हणा.

हरेश्वर


भटवाडी, घाटकोपर
२५ नोव्हेंबर २०२४

हरेश्वरा,

जाऊन आलो. अंगाला अजून तिथला वास येतोय असं वाटतं. अत्तर आणि फिनेल एकत्र केलं तर जसा येईल तसा.

मेट्रोने अंधेरीला उतरलो. सगळं काचेचं. कोट घातलेली एक पोरगी आली, अंकल म्हणाली, कॉफी घेणार का म्हणाली. मी सांगायला लागलो की बाई, मला लाल होते. तिने हसत मान डोलावली आणि म्हणाली, अंकल, पॅकेजमध्ये सगळंच कव्हर होतं. तिथून पुढे दिवसभर मला कोणी विचारलंच नाही की तू आलास कशाला. चार जणांनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मोबाईल नंबर विचारला. कामधंदा काय केला, विडी ओढतोस का, लाल कधी होते, एक शब्द नाही. गाडी सर्व्हिसिंगला टाकतात तसं मला टाकलं.

मग पाठीमागून उघडा असलेला एक झगा दिला. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पार्श्वभाग उघडा टाकून मी गुळगुळीत लादीवर बसलोय आणि समोर टीव्हीवर कुणी बाई योगासनं करतेय. भरपूर पाणी प्या, लघवी धरून ठेवा, असं सांगून गेले. आता तूच सांग, आत तपासायला बाई डॉक्टर. तिच्यासमोर पोट टम्म करून पडायचं आणि मध्येच सुटली तर? मी गुपचूप कोपऱ्यातल्या संडासात जाऊन मोकळा होऊन आलो. आपली अब्रू आपण सांभाळावी.

यंत्रात घातलं तेव्हा मात्र मिलची आठवण झाली. साचेखात्यात मागांपाशी उभं राहिल्यासारखा खडखडाट. तेवढंच काय ते मला आवडलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला तो लग्नाच्या पत्रिकेसारखा, सोनेरी अक्षरांचा. राजेशने मोठ्याने वाचला. यकृतावर चरबी, कण्याचे मणके झिजलेले, गळ्यात एक बारीक गाठ, ती म्हणे बहुतेकांना असते. माझ्या झिजलेल्या मणक्यांचं कौतुक ऐकून मला किळस आली. गाठीसाठी एक डॉक्टर, चरबीसाठी दुसरा, दोघांच्या तारखा त्यांनीच ठरवून दिल्या. जिथून लाल येतं त्याच्याबद्दल एकच ओळ होती: मूत्राशय रिकामं असल्यामुळे नीट पाहता आलं नाही. वनमाला म्हणाली, "राजेशा, म्हणजे त्यांनी ता बघलाच नाय." राजेश म्हणाला, रिकामं होतं म्हणजे आत काही नाही, चांगलंच आहे की. आणि पेढे वाटले.

दहा-बारा दिवस झाले, लाल आलेलं नाही. सगळे खूश आहेत. मीही आहे. तुझा अंदाज खरा दिसतो, उतरला असेल रंग.

पण मला एक शंका छळते. त्या झग्यात बसलो होतो तेव्हा माझ्याशेजारी एक तरणाताठा मुलगा बसला होता, त्याला काहीच होत नव्हतं, कंपनीने पाठवला होता. त्याला आणि मला एकाच यंत्रात, एकाच तऱ्हेने घातलं. हे कसं काय?

तुझा
काशीराम


खारदांडा
१० डिसेंबर २०२४

काश्या,

झालं ना? मी म्हटलं नव्हतं? पेढ्यातला एक इकडे पाठवला असतास तर पोस्ट बुडालं नसतं.

शंका काढू नको. तुझी जन्माची खोड आहे ती. मुकादमाने बोनस दिला तरी तू विचारायचास, का दिला? गाठ आहे, चरबी आहे, मणके आहेत, इतकं सगळं ज्यांना दिसलं त्यांना तेवढंच दिसलं नसेल का?

माझं चाललंय. मध्यंतरी जरा जास्त झालं. मासळीच्या काळजाचे तुकडे पडतात तसं काही पडलं, मी पायाने वाळू ओढून टाकली. खरं सांगू, त्या दिवशी मलाच मळमळलं. मी जन्मभर मासे फाडलेत, मला रक्ताची किळस कधी आली नाही, पण स्वतःचं बघून आली. मग दोन दिवसांत साफ झालं. जुना गाळ निघाला असेल. टाकी धुतली की शेवटी गाळच येतो ना.

कंबर एका बाजूने दुखते, पण ती बोटीमुळे. कमळने तेल चोळून दिलं.

हरेश्वर


भटवाडी, घाटकोपर
१८ फेब्रुवारी २०२५

हरेश्वरा,

हे पत्र उभं राहून वाचू नको, बस.

संक्रांतीनंतर माझं पुन्हा सुरू झालं आणि या वेळी तुझ्यासारखे तुकडे पडले. मग एके दुपारी लघवी अडकलीच. पोट दगडासारखं झालं, मी जमिनीवर लोळलो. राजेश ऑफिसात. वनमालाने रिक्षा केली आणि मला सरळ पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे जाड नळी घातली, पाणी मारून आतले गोळे ओढून काढले. नळीला लावलेली पिशवी लाल झाली, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तोंड फिरवलं. मला त्याचा राग आला नाही, मीही फिरवलं असतं.

चैतन्य नावाचा एक डॉक्टर आहे, माझ्या नातवाच्या वयाचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने खाटेवर बसून आधी विचारलं, दुखत होतं का? नाही. विडी? ओढायचो, पन्नाशीपर्यंत. कामाला कुठे होतात? मी म्हटलं, मिलमध्ये, रंगखात्यात, आणि संप झाल्यावर साकीनाक्याला एका रंगाच्या कारखान्यात. त्याने लिहिता लिहिता हात थांबवला. मी त्याला आपली ती धारेची गंमत सांगितली, मुकादम, मोरी, भजी, सगळी. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. मी म्हटलं, तोच रंग आता उतरतोय ना डॉक्टर?

तो म्हणाला, "आजोबा, रंग चाळीस वर्षं अंगात राहत नाही. तो तेव्हाच बाहेर गेला. जाताना रोज मूत्राशयात थांबून जायचा, तेवढ्यात त्याने त्याचं काम केलं. आता येतंय ते रक्त आहे."

हरेश्वरा, मी अंधेरीची फाईल त्याला दाखवली. त्याने ती एक ओळ वाचली आणि विचारलं, लघवी धरली नव्हती का? मी खाली मान घातली. तो म्हणाला, तुमची एकट्याची चूक नाही, यंत्रही वाईट नव्हतं, पण कोणाला काय झालंय हे न विचारताच लावलं. मला त्या सोनेरी फाईलची अशी घाण वाटली की मी ती वनमालाला पिशवीत उलटी घालायला सांगितली.

आता मी त्या वॉर्डात बसून जे पाहिलं ते तुला सांगतो, कारण माझी ती शंका होती ना, तिचं उत्तर तिथे मिळालं. बाहेरच्या बाकावर सगळे एकाच तक्रारीचे, लाल लघवीचे. एक रिक्षावाला पोरगा कुशीत कळ येऊन वाकडा झालेला. त्याला खडा असणार म्हणून साधा सीटी स्कॅन, औषध न टोचता. एक पोटुशी बाई, तिला सीटी अजिबात नाही, फक्त सोनोग्राफी, पोटातल्या बाळाला किरण नकोत म्हणून. कॉलेजची एक मुलगी होती, तिला जळजळ होत होती. तिला कुठल्याच यंत्राकडे पाठवलं नाही, लघवी तपासून गोळ्या दिल्या आणि पुन्हा दाखवायला बोलावलं. आणि मला, दुखत नाही, डोळ्यांना लाल दिसतं, वय झालेलं, विडी आणि रंग, म्हणून मला सगळ्यात मोठी तपासणी. आधी रक्त काढून किडनी धडधाकट आहे का ते बघितलं. मग शिरेतून औषध टोचून तीन वेळा सीटी काढला, औषध किडनीतून खाली उतरत मूत्राशयात येईपर्यंत. ते टोचल्यावर अंगातून अशी ऊब गेली की मला वाटलं टेबलावरच सुटली. मी ओरडलो, तिथली पोरगी म्हणाली, काही झालं नाही, सगळ्यांना तसंच वाटतं.

एवढं करूनही तो म्हणाला, आता दुर्बिणीने आत बघणार, कारण मूत्राशयाच्या आतली बाजू डोळ्यांनीच बघावी लागते. तू म्हणाला होतास नळी घालायला लागले की उठून ये. मी उठलो नाही. समोरच्या पडद्यावर मला दिसलं. फ्लॉवरचा तुरा असतो तसं, गुलाबी, पाण्यात हलणारं. माझ्या आत. त्या दिवसापासून घरात फ्लॉवर आणलेला नाही. खरवडून तपासायला पाठवलंय. मुळं खोल गेली असतील तर मूत्राशयच काढावं लागेल म्हणाला.

मी माझ्यासाठी लिहीत नाहीये. मी त्याला तुझं सांगितलं, तुझे ते तुकडे, ती कंबर. त्याने विचारलं, ते कधी येतील? हरेश्वरा, तू ये. कमळला घेऊन ये. माझ्या शेजारच्या खाटेवर झोप, पण ये.

तुझा
काशीराम


खारदांडा
३ मार्च २०२५

काश्या,

तुझ्या बाबतीत वाईट झालं. वनमालावहिनीला धीर दे म्हणावं, मी आहे.

पण मला शहाणपण शिकवू नको. माझं तुझ्यापाशीच ठेव म्हटलं होतं, तू ते डॉक्टरला जाऊन सांगितलंस. शिमगा तोंडावर आहे, होळीला मी नसलो तर कोळीवाड्याचा पाटील काय म्हणेल? आणि तुझ्यासारखी विडी मी कधी ओढली नाही. समुद्राची हवा खाल्ली जन्मभर.

मूत्राशय काढतात म्हणजे काय करतात ते मला माहीत आहे. आमच्या आळीतला श्यामसुंदर होता ना, जाळी विणायचा तो. त्याचं काढलं आणि पोटाला भोक पाडून पिशवी लावली. त्यातून लघवी थेंब थेंब पडत राहायची. तो ओट्यावर येऊन बसला की एक एक जण उठून जायचा. मीसुद्धा जायचो, खोटं कशाला सांगू. त्याचा वास यायचा. शेवटी तो घरातून बाहेरच पडेना. पोटावर मुताचं मडकं बांधून बोटीवर कोण चढू देईल मला? मला त्याची किळस वाटते. विचार जरी केला तरी जेवण जात नाही.

तुझी पिशवी टळो. माझ्या नादाला लागू नको. मी ठीक आहे.

हरेश्वर


भटवाडी, घाटकोपर
२८ एप्रिल २०२५

हरेश्वरा,

टळली नाही. मार्चअखेर मूत्राशय काढलं. उजव्या बाजूला बेंबीजवळ एक लालभडक बोंड आहे, आतड्याच्या तुकड्याचं केलेलं, आणि त्यावर पिशवी. मी तुला सगळं सांगणार आहे, तुला मळमळलं तर मळमळू दे.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती गळली. रात्रीची नव्हे, दुपारी, पाहुणे बसलेले असताना. रुचिकाचे आईवडील आले होते. धोतरावर डाग पसरत गेला आणि मी उठूही शकत नव्हतो. सगळ्यांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. रुचिका उठली, मला वाटलं नाकाला ओढणी लावून आत जाईल. तिने टॉवेल आणला, माझ्या मांडीवर टाकला आणि मला हाताला धरून आत नेलं. पिशवी तिने धरली, मी बदलली. दोघांनाही ओकारी येत होती, दोघांनीही ती दाबली. आता मी एकटा बदलतो. त्या बोंडाला हात लावताना अजून अंगावर काटा येतो. वास येतो, हो. पिशवी नीट लावली तर येत नाही, घाईत लावली तर येतो.

पण ऐक, किळस तासभर टिकते. मग भूक लागते. काल मी बोंबील खाल्ले, कुरकुरीत. वनमाला म्हणाली, "काय ता लाज नाय, पिशवी लावून ताटावर बसलाव." आणि तिनेच आणखी दोन वाढले. डॉक्टरचं म्हणणं, मुळं भिंतीत गेली होती पण भिंतीबाहेर पडली नव्हती. वर्षभर अजून रंगाच्या भरवशावर बसलो असतो तर पडली असती.

तुझं पत्र वाचून मला श्यामसुंदरची नाही, तुझी किळस आली. त्याच्या ओट्यावरून उठून जाणारा तू, आणि आता त्याच्या पिशवीला घाबरून मरायला तयार झालेला तू. रागावून लिहितोय, रागावूनच वाच. तू मला लिहिलं होतंस, दोन माणसांना एकदम तोच रोग होतो का? होतो रे. एकाच हौदात हात घातले तर होतो.

येत्या रविवारी मी खारदांड्याला येतोय. राजेश गाडीने सोडणार आहे. त्याला आता माझ्याशी बोलायला तोंड नाही, म्हणून जिथे म्हणेन तिथे सोडतो. तुझ्या ओट्यावर बसणार, कमळसमोर शर्ट वर करणार आणि पिशवी दाखवणार. तुला उठून जायचं असेल तर जा. पण मग परत आलास की तिला सगळं सांगायचं, नाहीतर मी सांगेन.

तुझा
काशीराम


खारदांडा
४ जून २०२५

काश्या,

तू येऊन गेल्याला महिना झाला, पत्र आज लिहितोय, कारण आज सगळं कळलं.

तू शर्ट वर केलास आणि मी खरंच उठून मागे गेलो, तू बघितलंस. तिथे ओकलो. परत आलो तर तू आणि कमळ, दोघं मिळून माझीच कोळंबी खात बसला होतात आणि तुझी पिशवी शर्टाखाली होती. कमळ माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, शिमगा दोन वेला गेला. माना का नाय सांगितला?" तिच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारात टोपली लावली नाही आणि मला घेऊन गेली.

तुझा तो चैतन्य चांगला आहे. त्याने मला तुझ्यासारखा औषधाचा सीटी काढला नाही. आधी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, तर एक किडनी बसलेली निघाली. खाली गाठ वाढून तिचा रस्ता बंद झाला होता, लघवी वरच तुंबून राहिली होती. कंबर त्याचीच दुखत होती, बोटीची नव्हे. अशा किडनीला ते औषध झेपणार नाही म्हणाला. म्हणून मला एमआरआयमध्ये घातलं, तू अंधेरीत ज्या यंत्रात पडलास त्याच जातीच्या. खडखडाट मला ऐकूच आला नाही, बहिरेपणाचा तेवढा फायदा. या वेळी काय शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळं दिसलं. मूत्राशयाच्या भिंतीबाहेर गेलंय. मग छातीचा फोटो, हाडांची तपासणी. कमरेच्या हाडात आहे.

मी त्याला विचारलं, पिशवी लावणार का? तो म्हणाला, नाही काका, आता त्याचा उपयोग नाही. काश्या, ज्या पिशवीच्या किळसेने मी वर्षभर वाळू ओढत बसलो, ती पिशवी मला कोणी देईना. मी त्याच्याकडे मागितली. म्हटलं, लावा, मला चालेल, मी धुवीन. कमळ दाराबाहेर गेली.

औषधं चालू केलीत, दुखणं कमी राहील म्हणाले. बोट मितेशला दिली. सध्या पावसाळी मासेमारीबंदीमुळे किनाऱ्यावरच आहे.

मला माझी घाण वाटते, काश्या. रोगाची नाही. रोज सकाळी त्या खडकावर उभा राहून मी ते लाल बघायचो आणि मनात म्हणायचो, पक्का रंगारी. आणि तुला तेच लिहून पाठवत होतो. तू माझं ऐकून चार महिने घालवलेस. ते तू मला एकदाही बोलला नाहीस.

आता एक काम कर. रंगखात्यातली माणसं अजून कुठे कुठे आहेत ते तुला माहीत असेल, तू दर दिवाळीला सगळ्यांना कार्डं टाकायचास. कोण कणकवलीला गेला, कोण दिव्याला मुलाकडे राहतो, कोणाची मुलगी विरारला आहे. सगळ्यांचे पत्ते मला पाठव. जे मेले त्यांच्याही घरचे पाठव, त्यांच्या पोरांना कळू दे बाप कशाने गेला असेल. पत्र मीच लिहीन, तू फार लांबण लावतोस. मी दोनच ओळी लिहिणार आहे. लाल दिसलं तर तो रंग नाही, रक्त आहे. दुखत नसलं तरी जाऊन दाखवा, आणि आधी सांगा की रंगखात्यात होतो.

हात अजून चालतो. पत्ते लवकर पाठव.

हरेश्वर